कड्यातून जाणारा श्वास

पश्चिम जावातली सुलिंग ही बांबूची बासरी पहिल्याच फुंकेला वाजते. ज्याने आपली आडवी बासरी शिकायचा प्रयत्न केला आहे, त्याला यातले अप्रूप लगेच कळेल. आपल्याकडे नवा विद्यार्थी कित्येक दिवस केवळ फुंक लागावी म्हणून धडपडतो. ओठांची फट, बासरीचा कोन, फुंकेची धार या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळेपर्यंत नळीतून नुसती हवा निघत राहते. सुलिंगमध्ये ही पायरीच नाही. बासरीचे टोक ओठांत धरायचे, श्वास सोडायचा आणि सूर येतो. लहान मुलालाही येतो.

या सोपेपणामुळे सुलिंगकडे येणारे पुष्कळ आहेत, आणि याच सोपेपणामुळे थोड्याच दिवसांत ती बाजूला ठेवणारेही पुष्कळ आहेत. सूर तर लागला, चार गाणी ओळखू येतील अशी वाजली, आता आणखी शिकायचे काय, असे त्यांना वाटते. सुलिंगची खरी अवघड बाजू तोवर त्यांच्यासमोर आलेलीच नसते. म्हणून नवख्या वाचकाने पुढच्या पानांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी असे मला फार वाटते. ओठांनी करायचे काम या वाद्यात बनवणाऱ्याने आधीच करून ठेवले आहे. त्यामुळे वाजवणाऱ्याकडे उरतात त्याचा श्वास, त्याची बोटे आणि त्याचा कान, आणि या तिघांपैकी एकालाही सूट नाही.

वाद्याची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. सुलिंग तमियांग नावाच्या बांबूची करतात. तमियांगची भिंत पातळ असते आणि दोन गाठींमधले कांडे लांब, सरळ वाढते. वरच्या टोकाला गाठ राहू देतात, त्यामुळे ते टोक बंद असते. खालचे टोक उघडे. गाठीचा एक कडेचा भाग किंचित तासून सपाट करतात आणि त्याच्या लगेच खाली एक छोटी खिडकी कापतात. मग गाठीभोवती बांबूचे किंवा वेताचे पातळ कडे बसवतात. तासलेला भाग आणि कडे यांच्यामध्ये जी चिंचोळी वाट तयार होते, तिच्यातून फुंक आत शिरते आणि थेट खिडकीच्या खालच्या धारेवर आपटते. तिथे हवेचा झोत दुभंगतो आणि नळीतली हवा थरथरू लागते. आडव्या बासरीवर हा झोत ओठांनी घडवावा लागतो. इथे तो कड्याने घडवलेला असतो आणि प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच कोनात जातो.

आता याचा परिणाम पाहू. आडव्या बासरीवर सूर थोडा उतरला तर वादक ओठ किंवा बासरी किंचित फिरवून तो सावरतो. सुलिंगवर ही सोय नाही. फुंक वाढली की सूर चढतो, फुंक कमी झाली की उतरतो. हळू वाजवायचे असेल तर सूर खाली घसरणार, मोठ्याने वाजवायचे असेल तर वर सरकणार. आवाज आणि सूर एकमेकांना बांधलेले आहेत. मुरलेला वादक फुंक मोजून-मापून देतो आणि बोटांनी भोके अर्धवट झाकून किंवा उघडून उरलेला फरक भरून काढतो. त्याच्या हातून येणारा हळुवार, तरीही सुरात राहिलेला खर्ज ऐकला की त्यामागे केवढा ताबा आहे याची कल्पना येते. सप्तक बदलण्याचे कामही श्वासाचेच. त्याच बोटांनी थोडी जास्त फुंक दिली की सूर वरच्या सप्तकात उडी मारतो, आणखी दिली तर त्याच्याही वरचा पंचम लागतो. ही उडी धक्का न बसता घेता यावी, वरच्या सप्तकातून खाली उतरताना सूर मध्येच फाटू नये, यासाठीच पहिल्या महिन्यांचा बराचसा रियाज खर्ची पडतो. आणि तो तसाच पडायला हवा.

इंडोनेशियात बांबूच्या बासऱ्या फार. नवव्या शतकातल्या बोरोबुदुरच्या शिल्पपटांतही बासरीवादक कोरलेले आहेत. बालीतल्या गाम्बुह या जुन्या नृत्यनाट्यात जवळजवळ मीटरभर लांबीच्या सुलिंग वाजतात. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा बाहेर सोडतो, त्यामुळे सूर खंडित होत नाही. सुमात्रातले मिनांगकाबाऊ लोक सालुआंग नावाची तिरपी धरायची बासरी याच पद्धतीने अखंड वाजवतात. तोबा बताक लोकांच्या आडव्या सुलिमवर पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यामुळे तिच्या सुराला एक गुंजन येते. यांतले प्रत्येक वाद्य स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. सगळ्यांची एकत्र ओळख करून देऊ पाहिले तर कुणाचीच नीट होणार नाही, म्हणून मी पश्चिम जावातल्या सुंदानी लोकांच्या सुलिंगपाशीच थांबतो. नवख्याला तिच्यापासून सुरुवात करणे सर्वांत हिताचे आहे, असे माझे ठाम मत आहे. तिच्यात अखंड श्वासाची अट नाही, आणि तिच्यामागे उभी असलेली गायनपरंपरा शिकणाऱ्याच्या कानाला पक्का आधार देते.

ती परंपरा म्हणजे तेंबांग सुंदा. बांडुंगच्या पश्चिमेला असलेल्या चियांजुर गावाच्या नावावरून तिला चियांजुरान असेही म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चियांजुरचे रीजंट कुसुमानिंग्रात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले दालेम पंचानिति, यांच्या आश्रयाने ही गायकी आकाराला आली. तिच्यात मुख्य गायन तालमुक्त असते, त्याला ममाओस म्हणतात. त्याच्या जोडीला शेवटी पनांबिह नावाचे तालबद्ध गीत येते. साथीला कचापी हे तंतुवाद्य. मोठी कचापी इंदुंग सुरांचा पाया धरते, लहान कचापी रिंचिक पनांबिहमध्ये वरची लगबगीची नक्षी विणते. आणि सहा भोकांची लांब सुलिंग गळ्याच्या मागोमाग चालते. गायिकेची ओळ संपली की सुलिंग ती पुढे नेते आणि पुढची ओळ ज्या सुरावर सुरू व्हायची आहे तो सूर तिच्या कानावर आणून ठेवते. आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात, ते इथे वाद्याच्या जन्मापासूनच आहे.

गाणे काढून टाकून फक्त कचापी आणि सुलिंग ठेवली की कचापी सुलिंग हा वाद्यप्रकार होतो. त्यात वाजतात ती बहुतेक पनांबिह गीतेच. रेडिओ आणि १९७० नंतरच्या ध्वनिफितींमुळे हा प्रकार घरोघर गेला. आज तो बांडुंगच्या लग्नसमारंभांत, उपाहारगृहांत, हॉटेलांच्या दालनांत ऐकू येतो, आणि परदेशात मन शांत करणारे संगीत म्हणून विकला जातो. त्याने मन शांत होते हे खरेच आहे. पण एवढ्यावर थांबणाऱ्याला त्यातली शिस्त दिसत नाही, आणि शिकणाऱ्याने तर ती आधी पाहायला हवी. त्या सुरांमागे एका गायिकेचे न उच्चारलेले शब्द आहेत. वादकाला ते पाठ असतात, म्हणून त्याची प्रत्येक लकेर शब्दाच्या वजनाने वळते. तेंबांग ऐकण्यासाठी एउइस कोमारियाह यांच्या गायनापासून सुरुवात करावी. सुलिंगसाठी बुरहान सुकर्मा यांचे वादन ऐकावे. १९८५ चा त्यांचा ‘सांगकाला’ हा ध्वनिसंग्रह सुंदानी भाषा न कळणाऱ्या कितीतरी श्रोत्यांना या वाद्याकडे घेऊन आला. पुढे ते कॅलिफोर्नियात सान होजेला गेले आणि तिथल्या ‘पुसाका सुंदा’ या वाद्यवृंदाचे मार्गदर्शक झाले. सुंदानी प्रदेशाबाहेर राहूनही ही कला निष्ठेने शिकता येते याचे तो वाद्यवृंद जिवंत उदाहरण आहे.

आता कानाकडे वळू. मराठी वाचकाला सर्वांत मोठी मदत आणि सर्वांत मोठा अडथळा, दोन्ही इथेच भेटणार आहेत.

सुंदानी संगीतात पाच सुरांच्या तीन मुख्य सुरावली आहेत: पेलोग, सोरोग आणि सालेंद्रो. सोरोगलाच मदेंदा असेही म्हणतात. पेलोग चढत्या क्रमाने ऐकली आणि तिचा सर्वांत खालचा सूर षड्ज मानला, तर आपल्या कानाला सा, कोमल रिषभ, कोमल गांधार, पंचम आणि कोमल धैवत यांच्या अगदी जवळचे काहीतरी ऐकू येते. म्हणजे भूपाल तोडी. त्यातला कोमल गांधाराच्या जागेवरचा सूर वर चढवून मध्यमापाशी नेला की सोरोग होते, आणि आपल्याला गुणकली आठवते. शास्त्रीय संगीत ऐकणारा मराठी माणूस पहिल्यांदा कचापी सुलिंग ऐकताना हरखून जातो तो यामुळे. ओळखीचे कुणीतरी अनोळखी गावात भेटल्याचा आनंद होतो. तो आनंद मनमुराद घ्यावा, आणि त्याच्या बळावर सुरांच्या जागा लवकर लक्षात ठेवाव्यात.

मात्र तिथेच मुक्काम करू नये. सुंदानी बैठकीत तानपुरा नाही. कुठलाही एक सूर सतत मागे वाजत राहून सगळ्यांवर सत्ता गाजवत नाही. मी सोयीसाठी ज्याला षड्ज म्हटले, तो तिथे षड्ज नाही. गाण्यागणिक विसाव्याचा सूर बदलतो आणि कचापीची आवर्तने त्या त्या सुराकडे नेतात. सुरांमधली अंतरेही आपल्या श्रुतींशी तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय भूपाल तोडी आपण सकाळी ऐकतो, तर तेंबांगच्या बैठका रात्री रंगतात आणि परंपरेने आधी पेलोग, मग सोरोग, शेवटी सालेंद्रो असा त्यांचा प्रवास होतो. जो वादक सुलिंगवर भूपाल तोडीचे आलाप करू लागेल, त्याच्या हातून भूपाल तोडी कदाचित चांगली वाजेल. पण जी गोष्ट शिकायला तो आला होता, तिच्या दारातूनच तो परत फिरलेला असेल. आपला राग हा सुरांची जागा सापडेपर्यंत आधार म्हणून धरावा आणि जागा सापडली की सोडून द्यावा, असा माझा आग्रह आहे.

सालेंद्रोच्या बाबतीत तर हा आधारही मिळत नाही. तिच्यात सप्तकाचे पाच जवळजवळ सारखे भाग पडतात. आपला कान तिला कधी भूप म्हणू पाहतो, कधी दुर्गा, आणि प्रत्येक वेळी एखादा सूर बेसूर वाटतो. तो बेसूर नसतो. चियांजुरान बैठकीत सालेंद्रोची गाणी आली की बहुधा सुलिंगच्या जागी गजाने वाजवायचा रबाब येतो, त्यामुळे नवख्याने ही सुरावली वाजवण्याची घाई करू नये, फक्त ऐकावी. पुरेसे ऐकल्यावर ते समान अंतर कानाला पटू लागते, आणि मग आपल्याच संगीताकडे पाहण्याची नजरही थोडी मोकळी होते.

सहा भोकांच्या लांब सुलिंगचे वैभव असे की, बोटांची मांडणी बदलून एकाच नळीतून या सुरावली काढता येतात. देगुंग या छोटेखानी गामेलानमध्ये, म्हणजे कांस्याच्या वाद्यांच्या वृंदात, वाजते ती सुलिंग वेगळी: चार भोकांची, आखूड, चढ्या आवाजाची. त्या वाद्यांच्या गजरातूनही तिची धून स्पष्ट ऐकू यावी लागते. नवख्याने कुठली घ्यावी, हा प्रश्न नेहमी येतो. बोटे लहान असतील, झटपट एखादी धून हाती यावी असे वाटत असेल, तर चार भोकांची घ्यायला हरकत नाही. मांग कोको यांचे ‘साबिलुलुंगान’ हे लोकप्रिय गीत तिच्यावर सुरेख बसते. पण श्वासाचे शिक्षण ज्याला हवे आहे, त्याने लांब सुलिंगच घ्यावी. तिचा खर्ज जोराने फुंकणाऱ्याला दादच देत नाही, आणि हीच तिची शिकवणी आहे.

स्वरलेखनाबद्दल एक खुलासा इथेच करतो, म्हणजे पहिल्या पाठात गोंधळ उडणार नाही. सुंदानी संगीतात सुरांना दा, मि, ना, ति, ला म्हणतात आणि १ ते ५ आकड्यांनी लिहितात. ही पद्धत संगीतज्ञ रादेन माच्यार अंगा कुसुमादिनाता (१९०२–१९७९) यांनी घालून दिली. तिच्यात १ म्हणजे दा हा सर्वांत वरचा सूर आणि ५ म्हणजे ला हा सर्वांत खालचा. आकडे वाढतात तसा सूर उतरतो. सारेगमच्या सवयीने वाचणाऱ्याला सुरुवातीला हे उलटे वाटते. पण तेंबांगच्या ओळी ऐकाव्यात: त्या बहुतेक वरून सुरू होऊन खाली झरत येतात. आकड्यांचा क्रम त्या चालीला धरूनच आहे, आणि म्हणून या पुस्तकात मी तो आपल्या पद्धतीने उलटवलेला नाही.

पट्टीचेही तसेच. आपले गायक काळी चार किंवा पांढरी दोन म्हणतात, तर तेंबांगमध्ये बैठकीची पट्टी सुलिंगच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये सांगतात. ६० किंवा ६१ म्हटले की कचापीवाल्याला तारा कुठवर ताणायच्या ते कळते. तारा जुळवता येतात, बांबू जुळवता येत नाही. म्हणून सगळे वाद्यमंडळ त्या नळीच्या मापाला लागते. गामेलानमधली सुलिंगही त्या त्या संचाशी जुळवून करावी लागते, कारण प्रत्येक गामेलानचे सूर त्याचे स्वतःचे असतात. फोनवरचे सूर तपासणारे ॲप इथे फारसे कामाचे नाही. त्याचा काटा मध्यावर आला नाही म्हणून सुलिंग वाईट ठरत नाही. तिने कचापीच्या तारेशी जुळायला हवे. ती तार समोर नसेल तर ध्वनिमुद्रणातली ऐकावी.

विकत घेताना सावध राहावे. बांडुंग किंवा बालीच्या बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत सहा भोकांच्या ज्या सुलिंग सहज मिळतात, त्यांतल्या कित्येक पाश्चात्त्य सप्तकाला जुळवलेल्या असतात. इंडोनेशियातल्या शाळांतही तशा वापरतात. त्यांच्यावर चित्रपटगीत चांगले वाजेल, पण पेलोग निघणार नाही. म्हणून मागताना तेंबांगची सुलिंग असे स्पष्ट म्हणावे आणि लांबी विचारावी. दुसराही एक घोळ संभवतो. दांगदुत या लोकप्रिय इंडोनेशियन संगीतात वाजणारी सुलिंग आडवी असते आणि ती आपल्या बासरीची सख्खी नातेवाईक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबईच्या हिंदी चित्रपटांची गाणी त्या बेटांवर इतकी रुजली की एल्या खादाम यांच्यासारख्या गायिका त्या धाटणीने गाऊ लागल्या, आणि पुढे रोमा इरामा यांनी दांगदुतला आजचे रूप दिले. तबल्यासारखा ताल आणि बासरीचे तुकडे त्यात आजही ऐकू येतात. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजलेल्या बासरीचा तो समुद्रापलीकडचा वंश आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ती आडवी सुलिंग तुमच्या हाती आली, तर या पुस्तकातले पाठ तिला लागू पडणार नाहीत.

जपणुकीविषयी थोडे. पश्चिम जावाची हवा बारमाही दमट असते. पुण्या-नागपूरकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तमियांगची पातळ भिंत उभी तडकू शकते. सुलिंग उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. एसीच्या झोतासमोर तर नकोच. वाजवून झाल्यावर नळीतला ओलावा वाळू द्यावा. वाजवता वाजवता आवाज अचानक घोगरा झाला, तर कड्याच्या वाटेत श्वासाचे पाणी साचलेले असते. ते झटकून टाकावे. कडे सैल झाले असेल तर हवा बाजूने निसटते, मग कितीही चांगली फुंक दिली तरी सूर पोकळच येणार. कडे वर-खाली किंवा इकडे-तिकडे किंचित सरकले तरी आवाज बदलतो, म्हणून वाद्य नवे असताना त्याची नेमकी जागा बघून लक्षात ठेवावी.

पाठांचा क्रम मी मुद्दाम संथ ठेवला आहे. सुरुवातीचे पाठ फक्त खर्जाचे आहेत: सहाही भोके बंद, फुंक जेमतेम, आणि सूर थरथरू न देता श्वास संपेपर्यंत धरायचा. ते कंटाळवाणे वाटतील. तरीही ते गाळू नयेत, कारण पुढे ज्या अडचणी येतात त्यांतल्या बहुतेकांचे मूळ घाईने ओलांडलेल्या खर्जात असते. त्यानंतर त्याच बोटांनी वरच्या सप्तकात जाणे आणि परतणे. मग पेलोगचे पाच सूर, दा पासून ला पर्यंत, उतरत्या क्रमानेच. बोटांची थरथर, सुरावरून सुरावर घसरणे, अर्धे भोक उघडून सूर वळवणे हे सगळे त्यानंतर येते. प्रत्येक धून आधी ऐकायची, मग गुणगुणायची, आणि गळ्यातून नीट निघाली की मगच सुलिंगला लावायची. सुंदानी शब्द येत नसले तरी त्यांच्या आवाजाचा आकार गळ्यात बसवावा. सुंदानी कलाकार समोर बसून शिकवायला मिळाले तर उत्तमच. तशी संधी आली तर हे पुस्तक बाजूला ठेवून त्यांच्याकडून शिकावे. बांडुंगच्या कला व संस्कृती संस्थेत, म्हणजे इस्बीमध्ये, सुंदानी संगीताचे रीतसर शिक्षण मिळते, आणि या वाटेवर दूर जायचे असेल त्याने कधीतरी तिथवर जावे.

पहिल्या पाठासाठी सुलिंग आणि एक शांत खोली एवढेच लागते. बसताना पाठ ताठ ठेवा, कोपर अंगापासून थोडे दूर. डाव्या हाताची तीन बोटे वरच्या भोकांवर, उजव्या हाताची तीन खालच्या भोकांवर, आणि ती टोकांनी न दाबता पेरांच्या मांसल भागाने झाकलेली. कडे ओठांमध्ये अलगद धरा, दातांनी नको, आणि श्वास पोटातून सोडा.